दिवसातून एकदाच

बिर्थे मॅमला तिचा नवरा सोडून गेला, तेव्हा आता ही आपल्या देशात परत जाणार, असं आमच्या अख्ख्या बेटानं ठरवून टाकलं होतं. तिचं भाड्याचं घर कोण घेणार, फ्रीज कुणाकडे जाणार, अंगणातला आंबा यंदा कोण उतरवणार, इथपर्यंत गप्पा पोचल्या होत्या. मी स्वतः तिच्या शिलाई मशीनवर डोळा ठेवून होते, खोटं कशाला बोलू.

ती गेलीच नाही.

ती आणि प्रेबेन सात वर्षांपूर्वी डेन्मार्कहून आमच्या मालुनाय गावात राहायला आले. तिकडे ती टपाल वाटायची. एकतीस वर्षं, कधी पायी, कधी सायकलवर. त्याचा शाळेची बाकं बनवायचा धंदा होता. म्हातारपण उन्हात काढू, असं दोघांनी ठरवलं आणि समुद्राकडे तोंड असलेलं घर भाड्यानं घेतलं. पळायची सवय तिला पहिल्या दिवसापासून. पहाटे उठायची, आखूड चड्डी, पिवळी टोपी, आणि निघाली. उत्तरेला सहा किलोमीटरवर जुन्या चर्चच्या पायऱ्या आहेत, तिथं हात लावायचा आणि परत.

लोकांनी काय काय म्हणून घेतलं तेव्हा!

"मॅम, तीनचाकीला पैसे नाहीत का? बसा, फुकट सोडतो!"

"मॅम, सकाळी सकाळी कुणाचं काय चोरलंत?"

म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, या वयात उन्हात रक्त उकळतं, एक दिवस रस्त्यात पडेल. ती सगळ्यांना हात करायची, आमच्याच भाषेत वेडंवाकडं उत्तर द्यायची. कुत्री सुद्धा वर्षभरात तिच्या मागे लागायला कंटाळली.

मग प्रेबेन मेर्लिंडाच्या नादी लागला. मेर्लिंडा माझ्या मावशीची मुलगी. चौतीस वर्षांची, धक्क्यावरच्या हॉटेलात पाहुण्यांची नावं लिहून घ्यायला बसायची. दोघांनी निळ्या छपराचं घर घेतलं. कुठं? तर मालुनायपासून चार किलोमीटरवर, उत्तरेला, अगदी रस्त्याला लागून.

आता आमच्या बेटाला रस्ता एकच. समुद्राच्या कडेनं बेटाला गोल वळसा घालतो आणि निघाला तिथंच परत येतो. मधे सगळा डोंगर. तेव्हा बिर्थे मॅम चर्चला जाताना एकदा निळ्या छपरासमोरून जायची आणि येताना एकदा. रोज.

तो गेल्यावर पहिल्या आठवड्यातच ती मला बाजारात भेटली. मी बारांगायच्या, म्हणजे आमच्या गावपंचायतीच्या, कचेरीत चिटणीस, त्यामुळे सगळ्यांची कागदपत्रं माझ्याच हातून होतात. ती म्हणाली, "पानिंग, लोक मला आता हाका मारत नाहीत. मी आले की खाली बघतात."

"वाईट वाटतं हो मॅम त्यांना."

"मी मेलेले नाही," ती म्हणाली. "त्यांना सांग, चिडवा म्हणावं."

मी सांगितलं. कुणी चिडवलं नाही. तोंड पाडूनच बघत राहिले सगळे. ती मात्र रोज पळत राहिली.

तीन महिन्यांनी प्रेबेननं तक्रार केली. आमच्याकडे शेजारपाजारची भांडणं कोर्टात जायच्या आधी बारांगायच्या कप्तानासमोर येतात. आमचा कप्तान एलपिदियो. माणूस वाईट नाही, पण दोन्हीकडून गोड राहायची भारी हौस. सगळे त्याला 'काप' म्हणतात. त्यानं दोघांना बोलावलं, पंखा लावला, सगळ्यांना थंड नारळपाणी दिलं, आणि मी वही उघडून बसले. मेर्लिंडा प्रेबेनच्या मागे, भिंतीला लागून. माझ्याकडे बघतच नव्हती.

प्रेबेननं एक कागद काढला. रोजच्या वेळा लिहिल्या होत्या. पाच बेचाळीस. सहा अकरा. पाच चव्वेचाळीस. सहा चौदा. दोन पानं भरून.

"हा मानसिक छळ आहे," तो म्हणाला. "ती मुद्दाम आमच्या घरासमोरून जाते. मेर्लिंडाला चहा घशाखाली उतरत नाही."

"मॅम," काप अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही दुसऱ्या बाजूनं का पळत नाही? दक्षिणेलाही रस्ता आहेच की. समुद्र तोच, हवा तीच."

बिर्थे मॅमनं नारळ खाली ठेवला. "काप, मी या रस्त्यावर सात वर्षं पळतेय. तो तिथं राहायला येऊन तीन महिने झाले. मी त्याच्या दारात जात नाही. तो माझ्या रस्त्यावर राहायला आलाय."

मागे उभे असलेले दोन रखवालदार हसले. कापनं डोळे वटारले.

"आत बघता का तुम्ही? थांबता? काही बोलता?"

"नाही."

"बघत नाही हेच तर!" प्रेबेन ओरडला. "एकदा तरी बघ ना! आम्ही नसल्यासारखी जाते!"

मेर्लिंडानं मान आणखी खाली घातली. कापनं घाम पुसला, पंख्याकडे बघितलं, आणि असल्या वेळी तो जे करतो तेच केलं. अर्धं याला, अर्धं तिला.

"असं करू. मॅमनी सरांच्या घरासमोरून दिवसातून एकदाच पळत जायचं. एकदाच. सर, चालेल? मॅम, चालेल? पानिंग, लिही."

कापचा हिशेब सरळ होता. गेली की परत यावंच लागणार, आणि परत आली की दोनदा झालं. म्हणजे मॅम त्या घराच्या अलीकडूनच वळणार. नाव करायचं 'एकदा' आणि अर्थ 'कधीच नाही'. प्रेबेनलाही ते लगेच कळलं. त्यानं झटकन सही केली.

मी माझ्या हातानं ते वाक्य लिहिलं होतं, आणि लिहिताना मला माझीच लाज वाटली. पण बोलले काही नाही. मेर्लिंडा माझी बहीण, काप माझा वरिष्ठ.

बिर्थे मॅमनं कागद दोनदा वाचला. "एकदा," ती म्हणाली. "कुठल्या दिशेनं ते लिहिलेलं नाही?"

"दिशा कशाला हवी मॅम?"

"नको. असंच राहू दे." आणि तिनं सही केली.

त्यानंतर निळ्या छपरासमोर ती दिसलीच नाही. दक्षिणेला पळायला लागली. लोक म्हणाले, चला, मिटलं. धक्क्यावरच्या बारमध्ये दुपारपासून बसणारे गोरे पेन्शनर म्हणाले, बाई नमली, आता विमानाचं तिकीट काढेल. माझी मावशी खूष होऊन माझ्या घरी केक घेऊन आली. मला तो गोड लागला नाही.

पण काही दिवसांनी माझ्या कानावर वेगवेगळं यायला लागलं. दक्षिणेच्या गावातली मासेवाली म्हणाली, तुमची पिवळी टोपी आमच्याकडे दिसली, पंधरा किलोमीटरवर. मग पुढच्या गावातनं, वीसवर. तिथून ती भाड्याच्या जीपनीत बसून परत यायची. एकदा तर बेटाच्या पार पलीकडे, जिथं आमच्याकडचं कुणी लग्नाकार्याशिवाय जात नाही, तिथं कुणीतरी तिला केळी खाताना बघितलं होतं.

मी एका रविवारी चर्चहून येताना तिच्या घरी गेले. ती ओट्यावर पाय टाकून बसली होती. अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं.

"पानिंग," ती म्हणाली, "माझ्या दारापासून निघून, पूर्ण फिरून, माझ्या दारापर्यंत किती होतं?"

"त्रेसष्ट किलोमीटर. सरकारी दगड आहेत ना रस्त्यावर."

"दक्षिणेकडून निघाले तर निळं छप्पर कधी लागेल?"

"एकोणसाठाव्याला."

"आणि किती वेळा?"

मी मनातल्या मनात रस्ता फिरून आले. मग मला इतकं हसू आलं की शेजारच्या कोंबड्या उडाल्या. एकदा! पूर्ण बेट फिरून आली की घर एकदाच लागणार! कापचा कागद, माझं अक्षर, प्रेबेनची सही, सगळं जागच्या जागी.

"मॅम, तुम्ही एकसष्ट वर्षांच्या आहात."

"बासष्ट. मंगळवारी झाले."

"उन्हात मराल."

"हे सात वर्षं ऐकतेय," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी निघते. तुला कशात ओढत नाही. फक्त तुझ्या दिराला विचार, त्याची तीनचाकी दिवसभर पाणी घेऊन मागे येईल का. भाडं देईन."

मी दिराला, तिबुरला, विचारलं. तो म्हणाला, भाडं गेलं खड्ड्यात, प्रेबेनचं तोंड बघायला मी फुकट येतो. मग मीच सुट्टीचा अर्ज लिहिला.

कापला वास लागलाच. शुक्रवारी त्यानं मला बोलावलं. "पानिंग, तू कचेरीची माणूस. तू बाजू घ्यायची नाहीस. तुझी बहीण काय म्हणेल?"

"बाजू कुठं घेते काप? आपल्यासमोर करार झालाय. तो नीट पाळला जातो का, ते बघायला चाललेय."

"माझ्याशी चावटपणा करू नकोस."

"तुम्हीच सांगितलं होतंत, 'पानिंग, लिही.' लिहिलं. आता वाचतेय."

इतकी वर्षं मी त्या माणसासमोर 'हो काप, बरं काप' करत आले होते. बाहेर पडले तेव्हा मजा वाटत होती.

शनिवारी झुंजुमुंजू होताना ती निघाली. तिबुरच्या गाडीत पाण्याचे चार कॅन, उकडलेली केळी, खडे मीठ, बर्फाची पेटी आणि मी. पहिले वीस किलोमीटर तर तिनं आम्हालाच कंटाळा आणला. एकच चाल, एकच लय, टपालवाली दारं घेत निघाल्यासारखी. गावागावात लोक झाडत होते, झुंजीचे कोंबडे धूत होते, विचारत होते, "कुठं?" तिबुर गाडीतनं ओरडायचा, "मालुनाय!" लोक म्हणायचे, "अरे मालुनाय मागे राहिलं!" तिबुर म्हणायचा, "पुढूनही येतं!"

चौतिसाव्या दगडापाशी काळ्या खडकांचा पट्टा सुरू होतो. माझ्या आजीच्या लहानपणी डोंगर फुटला होता, त्याचा लाव्हा तिथं समुद्रापर्यंत गेला. सहा किलोमीटर एक झाड नाही. आम्ही तिथं पोचलो तेव्हा दहा वाजले होते. डांबर चपलेला चिकटत होतं. ती चालायला लागली. मग वाकली आणि सगळं पाणी, केळं, रस्त्याच्या कडेला ओकली. पुन्हा चालली. पुन्हा ओकली. तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं लाल.

तिबुर गाडी तिच्या शेजारी घेऊन गेला. "मॅम, या, बसा. हा पट्टा पार करून देतो. कोण बघतंय इथं? मी कुणाला सांगणार नाही, पानिंगवहिनी सांगणार नाही."

तिनं डोळे वर केले. "तिबुर," ती म्हणाली, "गाडी मागे घे. धूर येतोय."

त्यानं मुकाट्यानं घेतली.

पट्टा संपल्यावर पहिल्या गावात बसथांब्याची शेड आहे. तिथल्या सिमेंटच्या बाकावर ती पडली आणि डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. जाळं विणत बसलेली एक म्हातारी उठली, काही न विचारता बादली आणली आणि मगानं तिच्या डोक्यावर पाणी ओतत राहिली, जसं तापलेल्या पोराला घालतात. मी मॅमच्या टाचा बघितल्या. एकीचं कातडं सोललेलं. मी पट्टी बांधली.

"मॅम," मी म्हटलं, "राग मलाही येतो. पण एवढं त्या माणसासाठी?"

ती डोळे न उघडताच म्हणाली, "टपाल वाटताना काही घरं असायची. एका घरचा कुत्रा मला दोनदा चावला. एका घरचा माणूस रोज शिव्या द्यायचा. सोबतचे म्हणायचे, तेवढं दार टाळ. पण ते दार टाळलं की पुढची सगळी गल्ली लांबच्या वळशानं करावी लागायची. रोज. त्यानं शिव्या द्यायच्या आणि पाय माझे दुखायचे. मी नाही टाळलं कधी."

एवढं बोलून तासभर झोपली. घोरलीसुद्धा. म्हातारीनं तिच्या तोंडावरच्या माश्या वारल्या.

साडेबाराला उठली, दोन खडे मीठ जिभेवर ठेवलं, आणि निघाली. आता पळणं असं नव्हतंच. दोन दगड पळायची, एक दगड चालायची. मधूनच आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटायची. पण बातमी आमच्या पुढे पळत होती. फोनवर फोन. पन्नासाव्या दगडापाशी शाळेच्या भिंतीवर पोरी बसलेल्या. पंचावन्नला एका न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्धं भादरून सोडलं आणि रस्त्यावर आला. धक्क्यावरच्या बारमधले गोरे बाहेर येऊन उभे राहिले, कुणीतरी शिट्टी मारली. आणि मग, कितीतरी महिन्यांनी, रताळी विकणाऱ्या एका बाईनं हात तोंडाशी नेऊन बोंबलून विचारलं, "मॅम! घरी चूल पेटलीय का? एवढी घाई कसली?"

बिर्थे मॅम हसली. फुटक्या ओठांनी, पण हसली. "भात करपतोय!" ती ओरडली.

चर्चच्या पायऱ्या आल्या. तिनं हात लावला. मग निळं छप्पर दिसायला लागलं.

फाटकात प्रेबेन उभा. त्यानं कचेरीतून रुफो नावाच्या रखवालदाराला सकाळपासून साक्षीला आणून बसवलं होतं. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला अर्धं मालुनाय.

"रुफो, लिही!" प्रेबेन म्हणाला. "वेळ लिही! ही दुसरी वेळ आहे, सकाळी अंधारात गेली असणार!"

रुफो उठला, टोपी काढून डोकं खाजवलं. "नाही सर. मी साडेचारपासून इथंच आहे. एक कुत्रं गेलं, दोन जीपन्या गेल्या. मॅम आत्ताच येतायत. पहिलीच वेळ."

तेव्हा प्रेबेन फाटकातून निघाला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पसरून. तिबुरनं गाडी थांबवली. ती थांबली नाही. तिचा पाय घसटत होता, टाचेवरची पट्टी लाल झाली होती, पण वेग तोच. ती त्याच्या अगदी पुढ्यात आली आणि त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलली. ओरडून नाही. वाटेतल्या माणसाला सांगतात तसं.

तो बाजूला झाला.

नंतर मी विचारलं, काय म्हणालात? तर म्हणाली, "'सरक जरा.' चौतीस वर्षांच्या संसारात मी त्याला हे कधी म्हटलं नव्हतं. नेहमी मीच सरकायचे."

गाडी पुढे निघताना मेर्लिंडा दारात दिसली. ती माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच. "नांग," ती थोरल्या बहिणीला म्हणतात तसं म्हणाली, "तिच्या पायातनं रक्त येतंय."

"दिसतंय मला, दाय," मीही धाकटीला म्हणतात तसं म्हटलं.

"मग बघत काय बसलीस? जा तिच्यामागे!" आणि तिनं दार लावून घेतलं.

शेवटचे चार किलोमीटर बिर्थे मॅमच्या मागे निदान चाळीस माणसं चालत होती. साडेचार वाजून गेले होते. ती आपल्या अंगणात शिरली, आंब्याखाली बसली, आणि तिथंच आडवी झाली. कुणी बर्फ आणला, कुणी पेज आणली. ती एवढंच म्हणाली, "बूट काढा कुणीतरी. मला हात पुरत नाही."

सोमवारी प्रेबेन पुन्हा कचेरीत. त्याला कराराचे शब्द बदलून हवे होते. 'एकदाच'च्या जागी 'कधीही नाही'. बिर्थे मॅम लंगडत आली. कचेरीच्या खिडक्यांना माणसं लोंबकळत होती.

कापनं खिडक्यांकडे बघितलं. त्याला पुढच्या वर्षी निवडणूक होती. "सर, करार मोडला का त्यांनी?"

"नाही, पण—"

"मग मी काय बदलू?"

"ती पुन्हा येईल!"

"येईन," बिर्थे मॅम म्हणाली. "रोज नाही. गुडघे दुखतात. महिन्यातून एकदा."

खिडकीबाहेर टाळ्या पडल्या. प्रेबेन उठून गेला. पावसाळ्याच्या आत त्यानं रस्त्याच्या बाजूला पुरुषभर उंच कुंपण घातलं आणि त्यावर बोगनवेल चढवली. आता त्याला रस्ता दिसत नाही आणि रस्त्याला तो. मेर्लिंडा तिथंच आहे. मावशी नाताळापर्यंत माझ्याशी बोलली नाही, मग डुकराचं मटण वाटायच्या वेळी बोलली.

त्या सोमवारी लोक गेल्यावर कापनं दार लावलं आणि मला म्हणाला, "पानिंग, आजच्या नोंदीत एक ओळ घाल. चिटणीसानं एका पक्षाबरोबर फिरणं योग्य नव्हतं, तिनं दिलगिरी व्यक्त केली. वर कुणी विचारलं तर दाखवायला."

मी पेन उचललं. तारीख लिहिली, हजर माणसांची नावं लिहिली, तक्रार फेटाळली असं लिहिलं. मग पेनाला टोपण घातलं आणि वही त्याच्यासमोर सरकवली.

"ओळ?"

"तुमच्या हातानं लिहा काप. मला दिलगिरी वाटलेली नाही."

त्यानं वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली सही करून टाकली.